दाखला आहे, तपासणीचे काय?

श्वानप्रजननातील जिवाणू-संसर्ग : नियम कुत्र्यांसाठी, चाचण्या मात्र गायी-म्हशींच्या

विशेष प्रतिनिधी

कुत्र्यांविषयी आपल्याकडे होणारी सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने चावे, रेबीज आणि भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात भटक्या कुत्र्यांसंदर्भात दिलेल्या आदेशांनंतर तर या चर्चेला देशभर उधाण आले. मात्र या गदारोळात पाळीव कुत्र्यांच्या पैदाशीचा व्यवसाय, त्यात शिरणारे रोग आणि त्या रोगांचे निदान हा विषय नेहमीप्रमाणे बाजूलाच राहिला. हा विषय वरवर पाहता काही हौशी श्वानपालकांच्या आणि ब्रीडरांच्या नफ्या-तोट्यापुरता वाटत असला तरी तो तेवढाच नाही. कुत्र्यांमध्ये गर्भपात आणि वंध्यत्व घडवून आणणारा ‘ब्रुसेला कॅनिस’ हा जिवाणू माणसालाही बाधू शकतो. त्याच्यावर लस नाही, तो औषधांनी पूर्णपणे जाईल याची खात्री देता येत नाही आणि एकाच तपासणीत तो सापडेल याचीही हमी नाही.

केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये श्वानप्रजनन व विक्रीसंबंधीचे नियम अधिसूचित केले. प्रत्येक ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, कुत्र्यांना मायक्रोचिप बसवावी, दीड वर्षापेक्षा कमी वयाच्या मादीला जोड लावू नये, एका मादीकडून तिच्या आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा पिल्ले घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये अशा अनेक तरतुदी त्यात आहेत. जोड लावण्यापूर्वी मादी निरोगी असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला असावा, अशीही अट आहे. कागदावर ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु निरोगी म्हणजे नेमके काय, ते कोणत्या तपासणीवरून ठरवायचे, हा प्रश्न त्या दाखल्याने सुटत नाही. ब्रुसेलाची लागण झालेली मादी बहुतेक वेळा अगदी धडधाकट दिसते. तिला ताप नसतो, ती नीट खाते, शेपूट हलवीत पुढे येते. नुसत्या डोळ्यांनी, स्टेथोस्कोपने आणि थर्मामीटरने केलेल्या तपासणीत ती ‘निरोगी’च ठरणार.

ब्रिटनला मिळालेला धडा

या त्रुटीची किंमत काय असू शकते, हे गेल्या काही वर्षांत ब्रिटनने अनुभवले. २०२० च्या उन्हाळ्यापूर्वी त्या देशात या रोगाची जेमतेम तीन प्रकरणे नोंदली गेली होती आणि तीही बाहेरून आणलेल्या कुत्र्यांमध्ये. त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. पूर्व युरोपातून, विशेषतः रुमानियातून, दत्तक देण्यासाठी आणलेल्या बेवारस कुत्र्यांबरोबर हा जिवाणू ब्रिटनमध्ये येत असल्याचे स्पष्ट होत गेले. या कुत्र्यांना रेबीजची लस टोचलेली होती, पासपोर्ट होता, मायक्रोचिपही होती. आयातीच्या नियमांत ब्रुसेलाच्या तपासणीची अट मात्र नव्हती. नेदरलँड्समध्ये तर रुमानियातून आलेल्या एका कुत्र्यात २०१६ मध्येच हा रोग आढळला होता. म्हणजे इशारा मिळालेला होता, पण त्याची दखल शेजारच्या देशात वेळेवर घेतली गेली नाही.

अखेर २०२१ मध्ये ब्रिटनने कायद्यात दुरुस्ती केली आणि कुत्र्यात हा जिवाणू आढळल्यास प्रयोगशाळेने शासकीय यंत्रणेला कळविणे बंधनकारक केले. २०२२ मध्ये तेथे माणसाला झालेल्या लागणीची पहिली नोंद झाली. माणसांना असलेला एकंदर धोका अत्यल्प असल्याचेच तेथील आरोग्य यंत्रणांनी वारंवार सांगितले आहे. तथापि, कुत्रा ‘पॉझिटिव्ह’ निघाल्यावर त्याला कायमचे वेगळे व निर्बीज करून सांभाळायचे की दयामरण द्यायचे, असा पेच अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला. काही पशुवैद्यकांनी तर परदेशातून आणलेल्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ब्रुसेलाच्या चाचणीचा आग्रह धरण्यास सुरुवात केली.

अमेरिकेचा अनुभव याहून जुना आहे. हा जिवाणू प्रथम ओळखला गेला तोच मुळी तेथे. कॉर्नेल विद्यापीठातील पशुवैद्यक संशोधक लेलंड कारमायकेल यांनी १९६६ मध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांमधील सामूहिक गर्भपातांमागे हा जिवाणू असल्याचे दाखवून दिले. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात तापाने आजारी असलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या रक्तात हाच जिवाणू सापडला. घरी नव्याने आणलेले पिल्लू हे त्याचे मूळ ठरले. ते पिल्लू दुकानातून विकत घेतलेले होते आणि त्याची पैदास दूरच्या आयोवा राज्यात झाली होती. त्याच आयोवा राज्यातील एका व्यावसायिक श्वानप्रजनन केंद्रात २०१९ मध्ये या रोगाचा मोठा उद्रेक झाल्याचे तेथील कृषी खात्याला जाहीर करावे लागले. पिल्लांची विक्री जितकी दूरवर, तितकाच रोगाचा माग काढणे कठीण, हे या घटनाक्रमावरून लक्षात येते.

रोग पसरतो कसा?

गायी-म्हशींमधील ‘सांसर्गिक गर्भपात’ हा रोग आपल्या दुग्धव्यावसायिकांना चांगलाच परिचित आहे. ब्रुसेला कॅनिस हा त्याच कुळातील जिवाणू. लागण झालेल्या गाभण मादीचा गर्भ साधारणतः सातव्या ते नवव्या आठवड्यात, म्हणजे दिवस भरत आले असताना पडतो. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असल्याने पालकाला बऱ्याचदा तो गर्भपात न वाटता ‘अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे’ वाटतात. गर्भपातानंतर एक ते सहा आठवडे मादीच्या योनिमार्गातून स्राव जात राहतो. हा स्राव, पडलेला गर्भ आणि वार यांत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. कुत्र्यांची हुंगण्याची व चाटण्याची सवय लक्षात घेता, एका पिंजऱ्यातील घटना काही दिवसांत संपूर्ण केनेलची होते. गर्भ लवकरच्या दिवसांत मेला तर तो शरीरातच विरून जातो आणि मादी ‘फळलीच नाही’ असे समजून पालक पुढच्या माजाची वाट पाहू लागतो. काही पिल्ले जिवंत जन्मतात, पण अशक्त निघतात आणि लवकर दगावतात. काही वरकरणी ठणठणीत असतात आणि जिवाणू घेऊनच नव्या घरी जातात.

नरामध्ये हा जिवाणू वृषण, त्यालगतची अधिवृषणे आणि पुरःस्थ ग्रंथीत ठाण मांडतो. आधी सूज, पुढे वृषणाचा आकार घटणे आणि अखेर वंध्यत्व असा हा प्रवास असतो. लागणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत वीर्यातून, तर त्यानंतरही दीर्घकाळ वीर्य व मूत्रातून तो बाहेर पडत राहतो. आपल्याकडे चांगल्या वंशावळीचा नर ‘स्टड’ म्हणून गावोगावच्या माद्यांसाठी वापरण्याची पद्धत आहे. मोबदला म्हणून रोख रक्कम किंवा पिल्लांतील पहिली निवड दिली जाते. या व्यवहारात वंशावळीचा कागद आवर्जून तपासला जातो. रक्ताच्या तपासणीचा कागद क्वचितच मागितला जातो. असा एक बाधित नर एका हंगामात अनेक केनेलपर्यंत रोग पोहोचवू शकतो.

प्रजननाखेरीज इतर लक्षणेही दिसतात. पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांना सूज येऊन कुत्रा उठता-बसता कण्हतो, काहींच्या डोळ्यांत दाह होतो. ही लक्षणे घेऊन आलेल्या, एरवी प्रजननाशी संबंध नसलेल्या कुत्र्यातही या जिवाणूची शंका घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रत्येक वंध्यत्वामागे जंतू नसतो

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कुत्री फळली नाही की ‘इन्फेक्शन असेल’ असे म्हणून प्रतिजैविकांचा मारा करण्याची प्रवृत्ती सर्रास आढळते. वास्तविक मादी गाभण न राहण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जोड लावण्याची चुकलेली वेळ. माजाच्या सुरुवातीला रक्तस्राव साधारण नऊ दिवस चालतो. त्यानंतरचे सुमारे नऊ दिवस मादी नराला जवळ येऊ देते. परंतु या कालावधीत मोठा चढउतार असतो. बीजांड सुटल्यानंतरही ते पक्व होण्यास आणखी दोन ते तीन दिवस लागतात. ‘अकराव्या आणि तेराव्या दिवशी जोड लावायची’ हा पिढीजात ठोकताळा त्यामुळेच अनेक माद्यांच्या बाबतीत चुकतो. रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची एक दिवसाआड तपासणी केल्यास योग्य दिवस बऱ्याच अचूकपणे ठरविता येतो. दोन माजांमधील अंतर सरासरी सहा ते सात महिन्यांचे असल्याने एक चुकलेली वेळ म्हणजे अर्ध्या वर्षाचे नुकसान.

वेळेची चूक वगळल्यानंतरच संसर्गाचा विचार करणे शास्त्रशुद्ध ठरते. तेथेही एक मोठा गैरसमज आड येतो. योनिमार्गाचा स्वॅब घेऊन कल्चरसाठी पाठविला की अहवालात ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, मायकोप्लाझ्मा यांपैकी एखादे नाव हमखास येते. पालक घाबरतो आणि औषधे सुरू होतात. परंतु हे सर्व जिवाणू निरोगी, नियमित पिल्ले देणाऱ्या माद्यांच्या योनिमार्गातही असतातच. स्वीडनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासांतून ही बाब स्पष्ट झाली. शिवाय निरोगी माद्यांना प्रतिजैविके दिल्याने योनिमार्ग जंतुमुक्त होत नाही, उलट औषधांना दाद न देणारे जिवाणू तेथे शिरजोर होतात, हेही त्यांतून दिसून आले. त्यामुळे जोड लावण्यापूर्वी ‘खबरदारी म्हणून’ दिला जाणारा प्रतिजैविकांचा कोर्स हा बहुतांश वेळा निरुपयोगी आणि प्रसंगी घातकही असतो.

मग कल्चरला अर्थ कधी असतो? मादीला दुर्गंधीयुक्त किंवा पूमिश्रित स्राव होत असेल, स्रावात पांढऱ्या पेशी भरपूर असतील, आणि संरक्षित स्वॅबने योनीच्या आतल्या भागातून घेतलेल्या नमुन्यात एकाच जातीचे जिवाणू दाटीने वाढले असतील, तर त्या निष्कर्षाला वजन येते. निरनिराळ्या जिवाणूंची थोडी थोडी वाढ ही रोगाची खूण मानता येत नाही. वारंवार गर्भपात होत असल्यास साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचाही विचार करावा लागतो. कच्चे मांस खाऊ घालणाऱ्या केनेलमध्ये तर तो अगत्याने करावा.

गर्भाशयात पू साठण्याचा ‘पायोमेट्रा’ हा विकार मात्र खऱ्या अर्थाने तातडीचा आहे. माज संपल्यानंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत मादी मलूल होते, पाणी फार पिऊ लागते, खाणे सोडते. प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर जाड झालेले असते आणि त्यात बहुधा ई. कोलाय हा जिवाणू वाढतो. गर्भाशयाचे मुख उघडे असेल तर पू बाहेर दिसतो. ते बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि तोच प्रकार अधिक जीवघेणा असतो. सोनोग्राफी व रक्ततपासणीने निदान होते. गर्भाशय व अंडाशय काढून टाकणे हा खात्रीचा उपाय आहे. तरुण, पैदाशीच्या मादीत काही निवडक प्रसंगी औषधोपचाराने गर्भाशय वाचविता येते, पण ते पशुवैद्यकाच्या कडक देखरेखीखालीच. स्वीडनमधील विम्याच्या नोंदींनुसार निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांपैकी सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा विकार जडतो. त्यावरून या विकाराचे गांभीर्य लक्षात यावे.

निदानाची अवघड वाट

ब्रुसेलाचे निदान हा या संपूर्ण विषयाचा गाभा आहे आणि तेथेच आपली यंत्रणा अडखळण्याची शक्यता सर्वाधिक आहे. गायी-म्हशींमधील रोगासाठी आपल्याकडे ‘रोझ बेंगॉल’ ही स्वस्त आणि झटपट चाचणी सर्वत्र वापरली जाते. रक्तजलाचा एक थेंब रंगीत प्रतिजनाच्या थेंबात मिसळायचा आणि गुठळ्या दिसतात का ते पाहायचे, इतकी ती सोपी आहे. पण या चाचणीतील प्रतिजन ब्रुसेला अबॉर्टस या गायींमधील जिवाणूपासून बनविलेले असते. त्या जिवाणूच्या बाह्य आवरणाची रासायनिक रचना आणि ब्रुसेला कॅनिसच्या आवरणाची रचना यांत मूलभूत फरक आहे. परिणामी, ब्रुसेला कॅनिसने बाधित कुत्र्याचे रक्त या चाचणीत ‘निगेटिव्ह’ येते. ‘ब्रुसेलाची टेस्ट केली, काही निघाले नाही’ असे पालकाने समाधानाने सांगितले, तर ती कोणती टेस्ट होती, हा पहिला प्रश्न असायला हवा.

कुत्र्यांसाठीच्या चाचण्या वेगळ्या आहेत. काचपट्टीवर केली जाणारी रॅपिड स्लाइड ॲग्लुटिनेशन चाचणी प्राथमिक चाळणीसाठी उपयुक्त आहे. ती ‘निगेटिव्ह’ आली तर बऱ्यापैकी विश्वासार्ह असते, पण ‘पॉझिटिव्ह’ निकालांपैकी मोठा हिस्सा पुढे खोटा ठरतो. स्युडोमोनास, बोर्डेटेला यांसारख्या इतर जिवाणूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडेही तिच्यात गुठळ्या निर्माण करतात. रक्तजलात २-मर्कॅप्टोइथेनॉल हे रसायन मिसळून चाचणी पुन्हा केल्यास अशा खोट्या निकालांचे प्रमाण कमी होते. त्यापुढची पायरी म्हणजे अगार जेल इम्युनोडिफ्यूजन किंवा एलायझासारख्या चाचण्या. ब्रिटनमधील शासकीय प्रयोगशाळेत ॲग्लुटिनेशन आणि एलायझा या दोन्ही चाचण्या एकत्र केल्या जातात, त्या एका चाचणीवर विसंबता येत नाही म्हणूनच.

वेळेचा मुद्दाही तितकाच कळीचा आहे. लागण झाल्यानंतर चाचणीत सापडतील इतकी प्रतिपिंडे तयार होण्यास आठ ते बारा आठवडेही लागू शकतात. काल-परवा लागण झालेला कुत्रा आज ‘निगेटिव्ह’ येणार, यात आश्चर्य नाही. म्हणूनच नव्याने आणलेला कुत्रा वेगळा ठेवून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू प्रत्यक्ष वाढला तर निदानाबद्दल शंका उरत नाही. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत तो रक्तात दिसू लागतो आणि काही कुत्र्यांमध्ये वर्षानुवर्षे अधूनमधून सापडत राहतो. परंतु ‘अधूनमधून’ हा येथे कळीचा शब्द आहे. एखाद्या दिवशीच्या नमुन्यात तो नसला म्हणजे कुत्रा रोगमुक्त आहे असे होत नाही. शिवाय तो सावकाश वाढतो आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना त्याची बाधा होऊ शकते. न्यूयॉर्कच्या प्रकरणात मुलाच्या रक्ताचा नमुना हाताळणारे प्रयोगशाळेतील अनेक कर्मचारी जिवाणूच्या संपर्कात आले होते. पीसीआर चाचणी तुलनेने जलद व सुरक्षित आहे, पण नमुन्यात जिवाणूच नसेल तर तीही निरुपयोगी. गर्भपात झाला असल्यास पडलेला गर्भ, वार आणि योनिस्राव हे सर्वोत्तम नमुने. आणि नेमके हेच नमुने घाईघाईने पुरून किंवा फेकून दिले जातात.

नराची तपासणी अनेकदा राहूनच जाते. मादी फळली नाही की दोष मादीला, हा आपल्या समाजाचा जुनाच खाक्या कुत्र्यांच्या बाबतीतही चालू आहे. वास्तविक वीर्यतपासणी ही स्वस्त आणि माहितीपूर्ण आहे. त्यात शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि रचना पाहिली जाते. शुक्राणू डोक्याला डोके चिकटून गुच्छासारखे दिसत असतील आणि दाहाच्या पेशी आढळत असतील, तर ब्रुसेलाचा संशय बळावतो. पुरःस्थ ग्रंथीच्या इतर जिवाणूजन्य दाहातही वीर्याची प्रत बिघडते. त्याचा उपचार बहुधा शक्य असतो, मात्र नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागत असल्याने उपचाराचा परिणाम लगेच दिसत नाही. उतावीळपणे पुढची जोड लावणे येथे नडते.

उपचार आहेत, खात्री नाही

हा जिवाणू पेशींच्या आत दडून राहतो. डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला दुसरे प्रतिजैविक असा दीर्घकाळचा उपचार केल्यास रक्तातील जिवाणू कमी होतात, प्रतिपिंडांची पातळीही खाली येते. पण औषधे थांबविल्यानंतर रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. त्यामुळे ‘औषधे दिली, आता जोड लावायला हरकत नाही’ असा सल्ला जबाबदार पशुवैद्यक देणार नाही. बाधित नर वा मादी पैदाशीतून कायमची बाद करणे आणि निर्बीजीकरण करणे हा किमान उपाय आहे. निर्बीजीकरणाने जिवाणू बाहेर पडण्याचे प्रमाण घटते, ते संपूर्णपणे थांबत नाही. घरातील एकट्या पाळीव कुत्र्याच्या बाबतीत उपचार व देखरेखीचा मार्ग काही कुटुंबे पत्करतात. अनेक कुत्रे असलेल्या केनेलमध्ये मात्र बाधित कुत्रे तातडीने वेगळे काढणे, खरेदी-विक्री थांबविणे आणि लागोपाठच्या तपासण्यांत सर्व कुत्रे ‘निगेटिव्ह’ येईपर्यंत दरमहा चाचणी करणे, एवढाच पर्याय उरतो. परदेशांत अशा केनेलमधील बाधित कुत्र्यांना दयामरण देण्याचीच शिफारस केली जाते.

एका चांगल्या जातीच्या मादीवर कुटुंबाची मिळकत अवलंबून असलेल्या लहान ब्रीडरला हा निर्णय किती जड जाईल, हे समजण्यासारखे आहे. ‘पॉझिटिव्ह’ अहवालाचा अर्थ धंदा बंद पडणे असाच होणार असेल, तर तपासणी न करण्याकडेच कल राहणार. रोग लपविण्याचे हे आर्थिक कारण ध्यानात न घेता केवळ दंडाची भाषा केली तर काहीही साध्य होणार नाही.

माणसांचे काय?

घबराट पसरविण्याचे कारण नाही, हे प्रथम स्पष्ट करायला हवे. ब्रुसेला कॅनिस माणसाला सहजासहजी होत नाही आणि झाला तरी बहुधा प्रतिजैविकांनी बरा होतो. परंतु गर्भपाताच्या वेळी उघड्या हातांनी मदत करणारे पालक, केनेलमधील कामगार, पशुवैद्यक, तसेच लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना धोका अधिक असतो. लक्षणेही फसवी असतात. येणारा-जाणारा ताप, घाम, अंगदुखी, सांधेदुखी, थकवा ही आपल्याकडे डझनभर आजारांची लक्षणे आहेत. त्यात भर म्हणजे माणसांमधील ब्रुसेलोसिससाठी रुग्णालयांत सर्वसाधारणपणे केल्या जाणाऱ्या रक्तचाचण्याही गायी व शेळ्यांमधील जिवाणूंनाच पकडतात. कुत्र्यापासून आलेला जिवाणू त्यांतून निसटतो. रुग्णाने आपल्या घरी कुत्री नुकतीच गाभडल्याचे डॉक्टरांना सांगितले, तरच योग्य दिशेने तपास होण्याची शक्यता.

भारतीय परिस्थितीचे वेगळेपण

भारतात कुत्र्यांमधील ब्रुसेलाचे चित्र परदेशाहून अधिक गुंतागुंतीचे आहे. ग्रामीण भागात गाय किंवा शेळी गाभडली की टाकून दिलेली वार आणि गर्भ कुत्रीच खातात. त्यामुळे आपल्याकडील कुत्र्यांना ब्रुसेला अबॉर्टस आणि शेळ्या-मेंढ्यांमधील ब्रुसेला मेलिटेन्सिस यांचीही लागण होऊ शकते आणि ही लागण रोझ बेंगॉल चाचणीत सापडू शकते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की भारतीय कुत्र्याची तपासणी करताना दोन्ही प्रकारच्या चाचण्या आवश्यक आहेत. एकीचा निकाल दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

केंद्राने २०१९ मध्ये लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यात चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देण्याची योजना आहे. दुग्धव्यवसायाचे महत्त्व पाहता हा प्राधान्यक्रम योग्यच होय. पण ज्या जिवाणूकुळाविरुद्ध गोठ्यात एवढी मोहीम चालविली जाते, त्याच कुळातील जिवाणू अंगणातल्या कुत्र्यात असू शकतो, याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही.

दुसरीकडे देशी जातींच्या कुत्र्यांना मागणी वाढत आहे. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मधील ‘मन की बात’ या कार्यक्रमात देशी श्वान पाळण्याचे आवाहन केल्यानंतर मुधोळ हाउंडसारख्या जाती चर्चेत आल्या. महाराष्ट्रात मराठवाडा व सोलापूरच्या पट्ट्यात कारवान जातीच्या कुत्र्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. या जातींचा प्रसार ही आनंदाची बाब आहे. मात्र जात जितकी मर्यादित, तितके पैदाशीसाठी वापरले जाणारे नरही मोजकेच. अशा लहान समूहात एक बाधित नर शिरला तर होणारे नुकसान एका केनेलपुरते राहणार नाही, संपूर्ण जातीच्या संवर्धनालाच त्याची झळ पोहोचेल.

करता येण्यासारखे बरेच

या परिस्थितीत फार खर्चिक किंवा अशक्य असे काही करायचे आहे, असे नाही. २०१७ च्या नियमांतील निरोगीपणाच्या दाखल्याला ठराविक नमुना द्यावा आणि त्यात ब्रुसेला कॅनिसची चाचणी, तिचा प्रकार व तारीख यांचे रकाने असावेत. मादीइतकीच नराचीही तपासणी सक्तीची असावी. मुंबईतील परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभाग यांसारख्या राज्यातील संस्थांकडे प्राण्यांच्या रोगनिदानाचा दीर्घ अनुभव आहे. कुत्र्यांसाठीच्या चाचण्या कोठे, किती खर्चात आणि किती दिवसांत होतील याची माहिती पशुसंवर्धन विभागाने तालुका दवाखान्यांपर्यंत पोहोचविली, तरी निम्मे काम होईल. ‘पॉझिटिव्ह’ निकाल एका ठिकाणी नोंदविले जावेत, मात्र ते ब्रीडरच्या बदनामीसाठी नव्हे, तर विकलेल्या पिल्लांचा माग काढण्यासाठी वापरले जावेत. बाधित कुत्रे पैदाशीतून काढणाऱ्या लहान ब्रीडरांना निर्बीजीकरणाचा आणि फेरतपासणीचा खर्च माफ केला, तर लपवाछपवीला आळा बसेल.

श्वानपालकांनीही काही गोष्टी स्वतःहून पाळाव्यात. जोड लावण्यापूर्वी समोरच्या कुत्र्याचा चाचणी अहवाल मागणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही. नवा कुत्रा घरच्या कुत्र्यांत लगेच मिसळू नये. मादी गाभडल्यास हातमोजे व मुखपट्टी वापरावी, गर्भ व वार हवाबंद डब्यात थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पशुवैद्यकाकडे द्यावी आणि जागा जंतुनाशकाने धुवावी. ब्रुसेला जिवाणू शरीरात चिवट असला तरी नेहमीच्या जंतुनाशकांपुढे तो टिकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन वेळा फळली नाही म्हणून मादी स्वस्तात दुसऱ्याला विकू नये. ती विकली जाते तेव्हा तिच्याबरोबर न झालेले निदानही नव्या घरी जाते.

नियम करून आठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पैदाशीच्या व्यवसायाला शिस्त लावण्याचा त्यामागील हेतू निर्विवाद होता. त्या हेतूला प्रयोगशाळेची जोड मिळाली नाही तर दाखल्यांच्या फायली वाढत जातील आणि रोग मात्र एका केनेलमधून दुसऱ्या केनेलमध्ये, पिल्लांच्या टोपलीतून घराघरांत जात राहील. ब्रिटनने तपासणीची अट रोग देशात शिरल्यानंतर गांभीर्याने घेतली. आपल्याकडे रोगाचा नेमका प्रसार किती, हे मोजण्यापासूनच सुरुवात करावी लागणार आहे आणि त्यासाठी पहिली पायरी म्हणून योग्य ती चाचणी सक्तीची करण्यास अधिक विलंब परवडणारा नाही.